पंप हाती आला, पुढे काय?

गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातल्या या गावी सगळ्या धर्मांचे लोक नवस फेडायला येतात आणि टेकडी चढतात. दम किती लागतो हे मोजताना डॉक्टर रुग्णाला जे प्रश्न विचारतात, ते या टेकडीच्या पायथ्याशीही विचारता येतील. चढावर धाप लागते का? सपाट रस्त्यावर बरोबरीच्या बाया पुढे जातात आणि तुम्ही मागे राहता का? शंभरेक मीटर चाललात की थांबावे लागते का? लुगडे बदलतानाही दम भरतो का? जी बाई दहा वर्षांपूर्वी एका दमात वर जात होती, ती आधी वाटेत एकदा टेकते, मग दोनदा, आणि एखाद्या वर्षी खालूनच हात जोडते. घरचे म्हणतात, वय झाले. तिलाही तसेच वाटते.

वय झाल्याने माणूस सावकाश चालतो, पण घरातल्या घरात धापा टाकत नाही. या धापेमागे बरेचदा जो आजार निघतो, त्याला डॉक्टर 'सीओपीडी' म्हणतात. २०२५ मध्ये १९ नोव्हेंबरला झालेल्या जागतिक सीओपीडी दिनाचे सांगणेही हेच होते : धाप लागत असेल तर सीओपीडीचा विचार करा. त्याआधी मे महिन्यात जिनिव्हात भरलेल्या जागतिक आरोग्य सभेने फुफ्फुसांच्या आरोग्याकडे एकत्रितपणे पाहावे असा ठराव केला. आपल्याकडेही २०२३ पासून असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात रक्तदाब, मधुमेह, कर्करोग यांच्या जोडीला सीओपीडी आणि दम्याला जागा मिळाली. कागदावर हे सगळे चांगलेच आहे. पण ज्या माणसाला आजच निदान कळले आहे आणि जो हातात एक पंप घेऊन संध्याकाळच्या एसटीने गावी परत निघाला आहे, त्याच्यापर्यंत यातले काय पोहोचते, हा खरा प्रश्न आहे.

गोंधळ नावापासून सुरू होतो. मराठीत दम लागणाऱ्या सगळ्या आजारांना एकच शब्द आहे, दमा. डॉक्टरही समजावण्याच्या सोयीसाठी तोच वापरतात. दम्यात नळ्या आवळतात आणि पुन्हा मोकळ्या होतात. मधल्या काळात माणूस ठणठणीत असू शकतो. सीओपीडीत नळ्यांना वर्षानुवर्षांच्या धुराने, धुळीने कायमची सूज येते, त्या जाड होतात, बेडका साचतो आणि फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या भिंती विरत जातात. हवा आत जाते, पण पुरती बाहेर पडत नाही. शिळी हवा छातीत अडकून राहते आणि नव्या हवेला जागा उरत नाही. रुग्ण सांगतो की श्वास आत जात नाही. खरी अडचण तो बाहेर न पडण्याची असते. 'दमा आहे' एवढेच ऐकून घरी गेलेला रुग्ण साहजिकच दम लागेल तेव्हाच औषध घेतो, बरे वाटले की बंद करतो. पुढच्या बऱ्याच चुका या एका शब्दातून निघतात.

निदान उशिरा होण्याला आणखीही कारणे आहेत. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला की बेडक्याची तपासणी होते. ती झालीच पाहिजे. क्षयरोग अजून गेलेला नाही. पण अहवालात क्षयरोग नाही असे आले की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि मग खोकला कशाचा, हा प्रश्न तिथेच राहतो. उलटही घडते. पूर्वी क्षयरोग होऊन बरा झालेल्या माणसाच्या फुफ्फुसात व्रण राहिलेले असतात, त्याला पुढे धाप लागू लागते आणि जुना आजार उलटला असे समजून कुणीतरी पुन्हा तीच औषधे सुरू करतो. या दोहोंचा उलगडा करणारी तपासणी म्हणजे स्पायरोमेट्री. नळीत जोराने फुंकायचे, औषध देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायचे. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा एकूण फुंकलेल्या हवेच्या सत्तर टक्क्यांहून कमी भरली आणि औषधानंतरही तशीच राहिली, तर नळ्या कायमच्या अरुंद झाल्या आहेत. रक्त लागत नाही, सुई लागत नाही. तरीही हे यंत्र प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा नसते, आणि असले तरी नीट फुंकून घेणारा माणूस नसतो. छातीचा एक्स-रे मात्र सगळीकडे निघतो आणि सुरुवातीच्या सीओपीडीत तो अगदी साधा दिसू शकतो.

आणि मग तो ठरलेला प्रश्न : विडी-सिगारेट ओढता का? नाही म्हटले की डॉक्टरच्या डोक्यातून हा आजार निघून जातो. २०१६-१७ च्या तंबाखूविषयक राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ अवघे ३.८ टक्के निघाले, तर तंबाखू खाणारे-चोळणारे २४.४ टक्के. विदर्भातला खर्रा तोंडाचा घात करतो, फुफ्फुसाचा तसा नाही. मग ही फुफ्फुसे कशाने खराब झाली? देशातल्या श्वसनविकारांचा १९९० ते २०१६ या काळाचा अभ्यास 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०१८ साली आला. सीओपीडीचे रुग्ण या काळात सुमारे २.८ कोटींवरून साडेपाच कोटींवर गेले होते. त्या आजाराच्या ओझ्यापैकी ५३.७ टक्के ओझे घरातल्या आणि बाहेरच्या प्रदूषित हवेचे होते आणि २५.४ टक्के तंबाखूचे. पुण्याच्या डॉ. संदीप साळवी यांनी लंडनच्या पीटर बार्न्स यांच्यासह २००९ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये लिहिले होते की जगात विडी-सिगारेट कधीच न ओढलेल्यांचा सीओपीडी मोठ्या प्रमाणात आहे आणि त्यामागे चुलीचा धूर हे बहुधा सर्वांत मोठे कारण आहे. हे छापून येऊन आता दीड दशकाहून अधिक काळ लोटला.

गिरडच्या आसपासच्या शिवारात चुलीत काय जळते हे कुणाला सांगायला नको. कापूस निघाला की पऱ्हाटी, तूर निघाली की तुऱ्हाटी, बाराही महिने गोवऱ्या. पऱ्हाटी भराभर पेटते, धूर भरपूर देते आणि फुकट असते. तिला रान साफ करतानाच्या धुराची, मळणीयंत्राच्या भुशाची जोड मिळते. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये हंगामभर काम करणाऱ्यांच्या वाट्याला कापसाची धूळही येते. कापसाच्या धुळीचा एक जुना आजार गिरणगावांत ओळखीचा होता. सुटीनंतर सोमवारी कामावर गेले की छाती आवळायची. ज्या जिल्ह्याने पिढ्यान्पिढ्या कापूस पिकवला, वेचला, रेचला, तिथे दम लागणाऱ्याला त्याचे काम काय होते हे विचारल्याखेरीज तपासणी पुरी होत नाही.

आता निदानाचा दिवस. साठीतली एक शेतमजूर बाई डोळ्यांसमोर आणा. गिरडला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पुढे समुद्रपूरला ग्रामीण रुग्णालय, हिंगणघाटला उपजिल्हा रुग्णालय, मग वर्ध्याचे सामान्य रुग्णालय, सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूर. यांतल्या दोन-तीन पायऱ्या चढून ती तपासणीपर्यंत येते. गर्दीच्या ओपीडीत तिला दोन वाक्ये ऐकू येतात. "मावशी, हा आजार पुरा बरा होत नाही. पंप घेत राहा, धुरापासून दूर राहा." दोन्ही वाक्ये खरी आहेत. पण पहिल्या वाक्यानंतर तिला दुसरे ऐकूच आलेले नसते. बसमध्ये ती लेकाला विचारते, मग आता किती दिवस?

याचे उत्तर तिला त्याच दिवशी मिळायला हवे. सीओपीडी पूर्ण बरा होत नाही हे खरे, पण मधुमेहही होत नाही, रक्तदाबही होत नाही. निदानानंतर वीस-वीस वर्षे संसार करणारे रुग्ण आहेत. आजार किती पुढे गेला आहे, धूर सुटतो की नाही आणि वर्षात किती वेळा जोराचा झटका येतो, यावर पुढचे बरेचसे ठरते. गेलेली फुफ्फुसे परत मिळत नाहीत. उरलेली झिजण्याचा वेग कमी करता येतो. विडी सोडलेल्यांच्या बाबतीत हे १९७७ पासून माहीत आहे. चुलीच्या बाबतीतही दक्षिण चीनमधल्या गावांत नऊ वर्षे केलेल्या पाहणीत, जिथे बायोगॅस आला आणि स्वयंपाकघरातली हवा खेळती झाली, तिथल्या लोकांची फुफ्फुसे कमी वेगाने झिजली, असे २०१४ मध्ये दिसून आले.

आणखी एक गोष्ट पहिल्या दिवशीच सांगावी लागते : हा संसर्गजन्य रोग नाही. खोकणाऱ्या माणसाची ताटवाटी गावात अजून वेगळी होते. नातवाला जवळ घेऊ नका, असे सून म्हणत नाही, पण नातू जवळ येईनासा होतो. त्या भीतीपोटी पुष्कळ जण आजार लपवतात, चारचौघांत पंप काढत नाहीत आणि लग्नाकार्याला जाणे सोडतात.

पंपाबद्दलची मोठी भीती म्हणजे त्याची सवय लागते. सवय पंपाची नसते. आजार रोजचा असतो म्हणून औषध रोजचे लागते. पंपातले औषध सरळ फुफ्फुसात उतरते, त्यामुळे गोळीच्या मानाने फारच थोडी मात्रा पुरते. तरीही पंप बदनाम आणि दम लागला की गावातल्या डॉक्टरकडून मारून घेतलेले इंजेक्शन लोकप्रिय, अशी स्थिती आहे. त्या इंजेक्शनात बहुधा स्टिरॉइड असते. एखाद्या झटक्यात थोडे दिवस त्याचा उपयोग आहे. पण दर पंधरा दिवसांनी घेतले तर साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, अंगावर सूज येते. 'दम्याची पुडी' म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांतही हाच माल मिसळलेला सापडतो. कोजागिरीच्या रात्री खिरीतून दम्याचे औषध घेणारे, मृगाच्या सुरुवातीला हैदराबादला जाऊन मासा गिळणारे कमी नाहीत. त्यांची चेष्टा करून काही साधत नाही. ज्याला कुणी नीट समजावून सांगितलेले नाही तो आशा दिसेल तिकडे जाणारच. त्याला एवढेच सांगावे की कुठेही जा, पण पंप सोडून जाऊ नका.

पंपाचेही दोन प्रकार आहेत आणि हा फरक न कळल्याने फार नुकसान होते. एक तत्काळ आराम देणारा, चार-सहा तास चालणारा. दुसरा रोज ठरल्या वेळी घ्यायचा, बारा किंवा चोवीस तास नळ्या मोकळ्या ठेवणारा. पहिल्याने लगेच बरे वाटते, म्हणून तो संपतो. दुसऱ्याचा परिणाम जाणवत नाही, म्हणून तो कपाटात पडून राहतो. खरे तर झटके टाळतो तो दुसराच. घ्यायची पद्धतही वेगळी असते. फवाऱ्याचा पंप दाबताना श्वास सावकाश, खोल ओढायचा आणि मोजून दहापर्यंत धरून ठेवायचा. मधे प्लास्टिकचा फुगीर डबा, म्हणजे स्पेसर, लावला तर म्हाताऱ्या माणसालाही जमते. कॅप्सूल टाकून ओढायच्या यंत्रात मात्र जोराने, झटक्यात ओढावे लागते. ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण प्रत्येक सरकारी दवाखान्याने पाहिले आहेत, आणि त्यात रुग्णाचा दोष काय? आयुष्यभर कॅप्सूल गिळायचीच असते असे त्याला आपणच शिकवलेले असते. स्टिरॉइड असलेला पंप घेतल्यावर चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते. हे सगळे शिकवायला दहा मिनिटे लागतात. दोन महिन्यांनी पंप पुन्हा समोर घ्यायला लावून पाहावे लागते, कारण पद्धत बिघडत जाते.

धाप आणि भीती एकमेकींना वाढवतात. दम लागला की माणूस घाबरतो, भराभर श्वास घेतो, आतली हवा बाहेर पडायच्या आत पुढचा श्वास ओढतो आणि धाप वाढते. यावर बिनखर्चाचा उपाय आहे. पुढे वाकून, हात मांडीवर टेकून बसायचे. नाकाने श्वास घ्यायचा आणि गरम चहावर फुंकर घालावी तसा ओठांचा चंबू करून, घेतला त्याच्या दुप्पट वेळात सोडायचा. अडकलेली हवा त्याने बाहेर पडते.

दुसरा उपाय लोकांना उलटा वाटतो : चालायचे. दम लागतो म्हणून माणूस ओट्यावर बसतो, बसल्याने पायांचे स्नायू सुकतात, सुकलेल्या स्नायूंना त्याच कामाला जास्त प्राणवायू लागतो आणि मग मोरीपर्यंत जातानाही दम लागतो. रोज थोडे, थोडा दम लागेल इतके, थांबत थांबत चालल्याने फुफ्फुस सुधारत नाही, पण माणूस सुधारतो. जगभर सहा-आठ आठवड्यांचे असे व्यायामवर्ग घेतले जातात. त्यांनी धाप आणि पुन्हा भरती होण्याचे प्रमाण कमी होते याचा पुरावा औषधांइतकाच भक्कम आहे. आपल्याकडे हे वर्ग मोठ्या शहरांतल्या मोजक्या रुग्णालयांत आहेत. गावात मोकळा रस्ता असतो आणि आशाताई असतात. या दोघांवर काम सुरू करता येईल.

झटका कधी येतो हे रुग्णाला सांगितलेले असले पाहिजे. थंडीत, सर्दी-पडशानंतर, मळणीच्या दिवसांत. बेडका वाढला, पिवळा-हिरवा झाला, नेहमीच्या पंपाने भागेना झाले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. ओठ निळसर दिसले, माणूस गुंगीत जाऊ लागला, बोलताना एक वाक्य पुरे होईना, तर १०८ ला फोन करायचा. भरती व्हावे लागणारा प्रत्येक झटका फुफ्फुसाचा थोडा भाग कायमचा घेऊन जातो. फ्लूची लस दर वर्षी आणि न्यूमोनियाची लस यांनी हे झटके कमी होतात, पण प्रौढांसाठी त्या नेहमीच्या सरकारी लसीकरणात नाहीत. विकत घ्याव्या लागतात. घरी प्राणवायूचे यंत्र लागते ते थोड्यांनाच. निवांत बसलेले असतानाही बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा ८८ किंवा त्याखाली राहत असेल अशांना, आणि तेव्हा ते दिवसाकाठी किमान १५ तास लावावे लागते, हे १९८० आणि १९८१ च्या दोन अभ्यासांपासून ठरलेले आहे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत अनेकांनी यंत्रे विकत घेतली. ती गरज नसताना लावून उपयोग नाही, आणि पेटत्या चुलीच्या खोलीत तर ती लावायचीच नाहीत.

मग चूल. 'धुरापासून दूर राहा' हा सल्ला देणाऱ्याने सिलिंडरचा हिशेब करून पाहावा. उज्ज्वला योजना २०१६ पासून आहे. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सुमारे ८० टक्के घरे स्वच्छ इंधन वापरणारी निघाली. पण गॅस आला म्हणजे चूल विझली असे होत नाही. चहा, भाजी गॅसवर. अंघोळीचे पाणी, भाकरी आणि पाहुण्यांचा स्वयंपाक चुलीवर. राज्याची अन्नपूर्णा योजना पात्र कुटुंबाला वर्षाला तीन सिलिंडर मोफत देते. केंद्राने २०२५-२६ साठी उज्ज्वलाच्या ९ सिलिंडरपर्यंत प्रत्येकी ३०० रुपये मंजूर केले. आधी ही मर्यादा १२ होती. बाकीचे पैसे सिलिंडर घेतानाच मोजावे लागतात आणि पऱ्हाटी बांधावर फुकट पडलेली असते. रोजंदारीच्या घरात या हिशेबात पऱ्हाटी जिंकते, त्याला अडाणीपणा म्हणणे अन्याय आहे. म्हणून सल्लाही पायरीपायरीने द्यावा. पाणी तापवायची चूल अंगणात जाऊ द्या. आजारी बाईऐवजी दुसऱ्याने चुलीपुढे बसावे. घरात मुलगे आहेतच. रात्री मच्छर अगरबत्तीऐवजी मच्छरदाणी लावा, कारण एका अगरबत्तीचा बारीक धूर शंभराच्या आसपास सिगारेटींइतका भरल्याचे अभ्यासात मोजले गेले आहे.

सरकारी यंत्रणेला हे जमणार नाही असे मानायचे कारण नाही. रक्तदाबाच्या बाबतीत तिने करून दाखवले आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या टप्प्यापासून होता. त्याची रीत साधी होती : ठरलेली थोडी औषधे, प्रत्येकाचे कार्ड, महिन्याची गोळी गावाजवळ, आणि जो आला नाही त्याला फोन. क्षयरोगाच्या रुग्णाला तर उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिना हजार रुपये मिळतात. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम दुप्पट झाली. सीओपीडीचा रुग्णही वाळत जातो, कारण नुसता श्वास घ्यायलाच त्याची ताकद खर्च होते, पण त्याच्या नावाने कार्ड नाही, पाठपुरावा नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. रोजचा लांब पल्ल्याचा पंप मात्र तिथे दर महिन्याला असेलच अशी खात्री रुग्णाला देता येत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजना भरती झाल्यावरचा खर्च उचलते. भरती टाळणारा पंप त्यात बसत नाही. झटका येऊन अतिदक्षता विभागात गेलात तर सरकार पैसे देणार आणि झटका येऊ नये म्हणून औषध हवे असेल तर दुकानाची वाट धरायची, हा उफराटा हिशेब आहे. टायोट्रोपियमसारखे औषध अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आधीपासून आहे. ते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मागणीपत्रकात दरमहा उतरले पाहिजे आणि ग्रामीण रुग्णालयात एक स्पायरोमीटर व तो चालवायला शिकलेली एक परिचारिका असली पाहिजे.

तिशी उलटलेल्यांसाठी आशाताई घरोघरी जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात धाप लागते का आणि घरात स्वयंपाक कशावर होतो, हे प्रश्न छापलेले आहेत. 'लाकूड, काटक्या, गोवऱ्या' समोर खूण होते. साखर जास्त निघालेल्याला पुढे कुठे पाठवायचे हे आशाताईंना पाठ आहे. ही खूण झालेल्या आणि 'हो, दम लागतो' म्हणणाऱ्या बाईला कोणत्या वारी, कोणत्या दवाखान्यात, कोणत्या तपासणीसाठी पाठवायचे, ते त्यांना अजून लिहून मिळायचे आहे.